तीन दिवस पाणी दक्षिणेला

घोडीचं दूध दर दोन तासांनी काढावं लागतं. आधी शिंगरू लावायचं, मग ते बाजूला ओढायचं. ओढायला उशीर झाला तर दूध शिंगराच्या पोटात जातं. घाई झाली तर घोडी पान्हा चोरते.

*

चार शेजारी. समुद्र नाही. नव्वद टक्के जमीन समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर. लोक कमी, मेंढ्या जास्त. देशातून बाहेर जातं ते सोनं आणि माणसं. शाळेच्या पुस्तकात यातलं सोनं दिलेलं आहे.

*

रुबिडियमचे थंड केलेले अणू निर्वात नळीत सोडले की ते पडतात. किती वेगाने पडतात हे लेझरने मोजता येतं. खाली वजन जास्त असेल तर ते थोडे जास्त वेगाने पडतात. थोडे म्हणजे फरक नवव्या आकड्यात दिसतो.

*

ओशमध्ये पोहे मिळतात. मेडिकलच्या मुलांसाठी लातूरच्या एका बाईंनी खानावळ काढली आहे. कढीपत्ता वाळलेला असतो.

*

"तुझा नवरा कुठे असतो?"

"नोवोसिबिर्स्कला. गोदामात."

"माझा येकातेरिनबर्गला. बांधकामावर. दिसतो का तुझा?"

"फोनवर."

"माझा फोनवर सुटलाय चांगलाच."

बसमधलं बोलणं. मी आणि एक अनोळखी बाई. तिच्या मांडीवर प्रेशर कुकर होता.

*

सरहद्द करार, पुरवणी ३, तक्ता २. सारी-बेल खिंड. उंची ३६१२ मीटर. वस्ती : शून्य.

*

हे सगळं एकाच ठिकाणचं आहे. आता शक्य तितकं क्रमाने सांगते.

मी अश्लेषा. हिंगोलीची. डॉक्टर व्हायला ओशला आले आणि तिसऱ्या वर्षी सोडलं. घरी सांगायचं धाडस झालं नाही. तेवढ्यात डोंगरात यंत्रं बसवणाऱ्यांना तंत्रज्ञ हवे होते, उंचीवर राहायला तयार असलेले. मी तयार होते. तिथे मिर्लान भेटला. लग्न झालं आणि तो रशियाला गेला, जसे सगळे जातात. उन्हाळ्यात मी खिंडीवर राहते, केंद्र क्रमांक सातमध्ये. तिथून दोनशे पावलांवर माझ्या सासूचा लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू असतो. त्यांचं नाव बुर्माकान. मी त्यांना आपा म्हणते. त्या मला केलिन म्हणतात, म्हणजे सूनबाई. माझं नाव त्यांनी एकदा घेऊन पाहिलं होतं. मग म्हणाल्या, "राहू दे, तुला गरज नाही त्याची."

खिंडीच्या डोक्यावर हिमनदी आहे. तिचं तोंड दगडगोट्यांनी झाकलेलं आहे, लांबून बर्फ आहे असं वाटतच नाही. तिच्याखालून एक झरा निघतो. खिंड इतकी सपाट आहे की झऱ्याने कुठे जावं हे एक हात उंचीचा मातीचा बांध ठरवतो. बांध आहे म्हणून पाणी उत्तरेला जातं, आपांच्या कुरणात. दक्षिणेला उतार आहे, आणि खाली सहा किलोमीटरवर दश्तक गाव. दश्तक दुसऱ्या देशात आहे.

*

सरहद्दीबद्दल.

दगडावर खांब रोवता येतो. बर्फावर रोवलेला खांब चालतो. वर्षाला वीस मीटर. पंधरा वर्षांत खांब शेजारच्या देशात पोहोचतो आणि मग त्याच्यावरून भांडण होतं. म्हणून २०३५मध्ये दोन्ही देशांनी ठरवलं की चौतीसशे मीटरच्या वर खांब नकोत. वितळलेलं पाणी ज्याच्याकडे जातं, जमीन त्याची. पाणी जिथे दुभंगतं ती रेषा.

पण पाणी बर्फाच्या आत दुभंगतं. वरून दिसणारी धार एकीकडे असते आणि खालचं पाणी भलतीकडे जातं. ते बघायचं तर वजन करावं लागतं. पाण्याला वजन आहे. कुरणातली माती भिजली की तिथलं गुरुत्वाकर्षण वाढतं, नवव्या आकड्यात. डोंगररांगेवर बारा यंत्रं जमिनीत बसवली. वर उपग्रह. सगळं एकत्र केलं की डोंगराच्या पोटातलं पाणी एखाद्या क्ष-किरणाच्या फोटोसारखं दिसतं. दर वर्षी एक ते दहा सप्टेंबर मोजणी. एक ऑक्टोबरला नवी रेषा फोनवर येते.

कोणी हरकत घेतली नाही, कारण तिथे कोणी राहत नव्हतं. पाहणी करणारे फेब्रुवारीत आले होते. फेब्रुवारीत तिथे खरंच कोणी नसतं. सगळे खाली गावात असतात, घोड्यांसकट.

दोन वर्षांपूर्वी केंद्र चारजवळ रेषा दोनशे मीटर सरकली. एका कुटुंबाचं कुरण पलीकडे गेलं. नियम असा आहे की वर्षभरात कुरण सोडायचं किंवा पासपोर्ट बदलायचा. त्यांनी कुरण सोडलं. आता ते ओशच्या बाजारात मोबाइलची कव्हरं विकतात. पासपोर्ट बदलणं कोणालाच परवडत नाही. इकडच्या पासपोर्टवर रशियात थेट काम मिळतं. शेजारच्यांना परवाना लागतो, आणि रांग.

आपांनी एकदा विचारलं होतं, "हे तुझं यंत्र काय करतं?"

मी म्हटलं होतं, "बर्फ मोजतं."

एवढंच सांगितलं होतं. सोपं पडलं म्हणून.

*

दवलत दश्तकचा मिराब. मिराब म्हणजे आपल्याकडचा पाटकरी. गावाला पाणी वाटून देणारा. दर वर्षी ऑगस्टमध्ये, गव्हाच्या पेरणीआधी, तो भाकऱ्या घेऊन खिंडीवर यायचा. तंदूरमधल्या जाड, गोल, मध्ये ठसा मारलेल्या. आपा एक भाकरी मोडायच्या, त्याला द्यायच्या, स्वतः खायच्या. मग दोघं बांधापाशी जायचे. आपा कुदळीने बांध फोडायच्या. तीन दिवस पाणी दक्षिणेला. चौथ्या दिवशी सकाळी बांध पुन्हा घालायचा.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आपांच्या सासऱ्यांच्या वेळी एकदा हिमवादळात कळप अडकला होता आणि दश्तकच्या लोकांनी तो हिवाळाभर आपल्या गोठ्यांत ठेवला. एकही मेंढी मेली नाही. तेव्हापासून तीन दिवस.

२०४३मध्ये दवलत ऑगस्टमध्ये आला नाही. दोन सप्टेंबरला आला. हातात काठी होती. आपांना तो एजे म्हणायचा, म्हणजे थोरली बहीण.

"उशीर केलास," आपा म्हणाल्या. "मला वाटलं मेलास."

"गुडघा नवा बसवला, एजे. बाहेरचा आहे. आता मी अर्धा जर्मन."

"कुठला अर्धा?"

"चढणारा."

"मग उतरायला कोण येणार तुझ्याबरोबर?"

"उतरताना म्हातारा उतरतो. त्याला घाई नाही."

आपांनी नमदा झटकला, तो बसला. मी चहा आणला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ही अजून जाड नाही झाली. खायला देत नाहीस का सुनेला?"

"देते. तिचं सगळं त्या यंत्रात जातं."

भाकरी मोडली. माझ्याही हातात तुकडा आला.

तंबूच्या मागे मी आपांना गाठलं.

"आपा, मोजणी चालू आहे. दहा तारखेनंतर द्या पाणी."

"दहाला पेरणी टळते त्यांची."

"यंत्राला कळेल."

"ते बर्फ मोजतं. तूच सांगितलंस."

"पाणीही मोजतं."

"आधी बर्फ होता, आता पाणी झालं. उद्या म्हणशील दूधही मोजतं." त्यांनी कुदळ उचलली. "भाकरी मोडून झाली, केलिन."

मी दवलतला सांगू शकले असते. तो थांबला असता, असं मला वाटतं. पण तो चहा पीत होता, गुडघा चोळत होता, आणि मी मनात म्हटलं, दहातले तीन दिवस. तिनांनी काय होतं.

*

तिनांनी काय होतं ते असं. पाच सप्टेंबरला बांध घातला आणि त्याच दिवशी थंडी पडली. उरलेले दिवस बर्फ जवळपास वितळलाच नाही. झऱ्याला बोटभर पाणी राहिलं. म्हणजे त्या दहा दिवसांत डोंगराने जे काही पाणी सोडलं ते बहुतेक त्या तीन दिवसांतलं, आणि ते सगळं दक्षिणेच्या मातीत मुरलेलं. अणू पडले. नववा आकडा बदलला. बारा तारखेला कच्ची रेषा माझ्या पडद्यावर आली. जुन्या रेषेपासून तीनशे चाळीस मीटर उत्तरेला. तंबू पलीकडे. दूध काढायची जागा पलीकडे. झरा पलीकडे.

केंद्राची खोली अलीकडे होती.

*

केंद्र क्रमांक : सात

मोजणी रद्द करण्याची विनंती. कारण निवडा.

भूकंप

यंत्रातील बिघाड

मानवी हस्तक्षेप

मी भूकंप निवडला. पानाने तो घेतला नाही, बाकीच्या अकरा केंद्रांना भूकंप जाणवला नव्हता. बिघाड निवडला. यंत्राने स्वतःची तपासणी केली आणि आपण ठीक आहोत असं कळवलं. मानवी हस्तक्षेप निवडला. खाली एक चौकट उघडली.

हस्तक्षेप करणाऱ्या व्यक्तीचे नाव. ही जागा रिकामी ठेवता येणार नाही.

*

मिर्लानच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावला.

"आईचं लिही ना," तो म्हणाला. "म्हाताऱ्या बाईला काय करणार आहेत?"

"कुरणाचा परवाना काढून घेतात. तेच तर वाचवायचंय."

"मग तुझं."

"मला देश सोडावा लागेल. आठ दिवसांत."

तो काही तरी चावत होता. चावणं थांबलं.

"दवलत अका तिकडचे आहेत," तो म्हणाला.

"हो."

"त्यांना काय करतात?"

"सरहद्दीच्या दहा किलोमीटरच्या आत यायचं नाही. कायमचं."

"मग ठीक आहे की."

"दश्तक सहा किलोमीटरवर आहे."

मागे फोर्कलिफ्टचा भोंगा वाजत होता. मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टचा. तो बराच वेळ मागे येत राहिला.

"माझी सुट्टी संपली," मिर्लान म्हणाला.

*

मी लिहिलं : दवलत. गाव दश्तक.

आडनाव मला माहीत नव्हतं. पानाने ते आपोआप भरलं. जन्मतारीखही भरली. फोटो दाखवला आणि विचारलं, हीच व्यक्ती का. फोटोत तो तरुण होता, टाय घातलेला. मी हो म्हटलं.

मग दूध काढायची वेळ झाली म्हणून गेले.

*

एक ऑक्टोबरला रेषा होती तिथेच राहिली. आम्ही खाली जायला निघालो होतो. आपा तंबूच्या काठ्या बांधत होत्या.

"काय झालं तुझ्या यंत्राचं?"

"काही नाही. सगळं होतं तिथेच आहे."

"उगाच घाबरवलंस मला."

"हो."

त्यांनी गाठ मारली आणि दातांनी दोरी तोडली. खाली जाताना पूर्ण रस्ताभर त्या कोणत्या घोडीला पुढच्या वर्षी विकायचं याबद्दल बोलत होत्या. मी ऐकत होते. मला वाटलं होतं काही तरी वाटेल. हिवाळाभर वाट पाहिली. गावातल्या घरात चूल होती, इंटरनेट होतं, खिडकीच्या आतून बर्फाची फुलं धरायची. काही वाटलं नाही.

*

पुढचा ऑगस्ट. दवलत आला नाही. आपांनी किमिझची एक कातडी पिशवी वेगळी ठेवली होती. आंबवलेलं घोडीचं दूध दहा दिवसांपुढे फार आंबट होतं. अकराव्या दिवशी त्यांनी ते ओतून दिलं आणि नवं भरलं.

"दुसरा गुडघा बसवत असेल," त्या म्हणाल्या.

एकतीस ऑगस्टला दक्षिणेच्या चढावर एक बाई दिसली. दवलतची बहीण गुलरू. तिच्या हातात काही नव्हतं. ती खिंडीच्या मध्यावर थांबली, फोन काढून पाहिला, आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. आपा बांधापर्यंत गेल्या. मी त्यांच्या मागे होते.

"ये की," आपा म्हणाल्या.

"इथूनच बरी आहे."

"भाऊ कुठे तुझा?"

"खुजंदला. मुलीकडे. नवव्या मजल्यावर."

"तिथे काय करतो?"

"लिफ्टने खाली येतो. लिफ्टने वर जातो." गुलरूने रुमाल सारखा केला. "जावई म्हणतो, अका, नळ उघडा ठेवू नका. तर हा नळापाशी उभा राहून सांगतो, आता याची पाळी, आता त्याची. जावई हसतो. मला नाही हसू येत."

"गावाला पाणी कोण देतं?"

"पंप. चालू असतो तेव्हा."

"त्याला काढलं कोणी?"

"त्याचं नाव गेलं. इकडून गेलं. कागदावर इकडच्या केंद्राचा नंबर होता." ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला माहीत नव्हतं. "मी एवढंच विचारायला आले, एजे. तो म्हणतो विचारू नको. पण मला जाणून घ्यायचंय. काय चुकलं त्याचं?"

आपांनी बांधावरचं ढेकूळ पायाने दाबून बसवलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या भावाचं काही चुकलं नाही."

गुलरू मान हलवून उतरायला लागली.

*

तंबूत आपांनी समोवार पेटवला. मी बसले. त्यांनी विचारलं तेव्हा पाठ माझ्याकडे होती.

"नाव कोणी दिलं?"

"मी."

"माझं का नाही दिलंस?"

"कुरण गेलं असतं."

"मी म्हटलं होतं तुला, कुरण वाचव?"

"नाही."

"मिर्लान म्हणाला?"

"तोही नाही."

"मग?"

पानावर चौकट होती आणि ती रिकामी ठेवता येत नव्हती, हेच खरं उत्तर होतं, पण ते मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं.

आपांनी पियाला घेतला आणि चहा ओतला.

इथे चहा अर्धा पियाला देतात. कमी ओतला म्हणजे पुन्हा ओतता येतो, म्हणजे बस, तुला घाई नाही. सात वर्षं मला अर्धा पियाला मिळत होता. कधी कधी तिसरा हिस्सा. काठोकाठ पियाला ज्याला देतात त्याला तो पिऊन निघायचं असतं.

आपांनी काठापर्यंत ओतला. एक थेंब बशीत सांडला. तो त्यांनी बोटाने पुसला आणि पियाला दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवला.

मी प्यायले. जीभ भाजली. पियाला रिकामा झाल्यावर तो कुठे ठेवायचा हे कळेना, म्हणून हातातच धरून केंद्राच्या खोलीत आले. तो अजून इथे आहे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, एक सप्टेंबरला, आपांनी बांध फोडला. एकट्याने. त्यांच्याबरोबर भाकरी घेऊन आलेलं कोणी नव्हतं. कुदळ टेकवून त्या पाण्याकाठी बसल्या. त्या वर्षी ऊन होतं, झऱ्याला भरपूर पाणी होतं. तीन दिवसांनी त्यांनी बांध घातला नाही. पाचव्या दिवशी घातला नाही.

मी सहाव्या दिवशी गेले.

"आपा, रेषा सरकेल."

"माहीत आहे. आता मला सगळं माहीत आहे. तुझं यंत्र पाणी मोजतं."

"तुम्हाला पासपोर्ट बदलावा लागेल."

"माझ्या पासपोर्टवर कोण चाललंय रशियाला? मी?"

"मिर्लान—"

"मिर्लानचा त्याच्याकडे आहे. तो त्याचा देश घेऊन फिरतो." त्यांनी पाण्यातून एक गवताची काडी बाजूला केली, पाणी अडत होतं म्हणून. "लिहायचं असेल तर माझं नाव लिही या वेळी. स्पेलिंग तुला येतं."

बारा तारखेला कच्ची रेषा आली आणि रद्द करायच्या विनंतीची चौकटही. मी पान बंद केलं. मुदत संपल्यावर नवी रेषा आपोआप मंजूर झाली.

*

रेषा तीनशे साठ मीटर सरकली. आपांनी वसंतात नवा पासपोर्ट घेतला. त्यात त्यांचं नाव थोडं वेगळं लिहिलं आहे. मिर्लानने विचारलं, आईला भेटायला काय काय लागेल. मी त्याला यादी पाठवली. त्याने अंगठा पाठवला.

दश्तक आता सरहद्दीपासून सहा किलोमीटर तीनशे साठ मीटर लांब आहे. बंदी दहाची आहे. म्हणजे दवलतच्या बाबतीत काही बदललं नाही. आपांनी हिशेब केला होता की नव्हता, मी विचारलेलं नाही. गुलरू वर येते. आता तिला थांबावं लागत नाही. ती तंबूत बसते, चहा पिते, बराच वेळ बसते.

माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. मला पलीकडे जायचं तर व्हिसा लागतो, तो राजधानीत मिळतो. केंद्राच्या दारातून आपा दूध काढताना दिसतात. दर दोन तासांनी. वारा इकडचा असला तर शिंगरू ओढताना त्या काय म्हणतात तेही ऐकू येतं. हाक मारली तर त्यांना ऐकू जाईल. मी मारत नाही. मोजणी दर वर्षी एक ते दहा सप्टेंबर. यंत्र ठीक चालतं.

*

हे यंत्र २०३६च्या जूनमध्ये बसवलं. त्यासाठी दोन मीटर खोल खड्डा लागला. खाली गोठलेली माती होती, ओशहून आणलेले मजूर अर्ध्यावर सोडून गेले. उरलेला खड्डा दवलतने खणला, दोन दिवसांत, पैसे न घेता.